सत्यवती, येझदी आणि तेरेखोल

नाही, तुम्हीच सांगा मला, म्हशीला बांधायला अख्ख्या डिचोलीत दुसरं काही मिळालं नाही? माड आहेत, खुंटे आहेत, गेलाबाजार शेजाऱ्याचं कुंपण आहे... पण नाही! म्हैस बांधली कशाला? माझ्या येझदीला! हँडलला दावं, सीटवर शेणी वाळत घातलेल्या, आणि पुढं जिथं दिवा होता ना, त्या खोबणीत कोंबडीनं अंडं घातलेलं. एकच. ताजं! आणि त्या गोठ्याचा मालक, बाबली, दारात उभा राहून दात कोरत मला विचारतो, "कितें जाय?" अरे, काय हवं म्हणजे काय? ती मोटारसायकल माझी आहे!

म्हणजे... होती. अठरा वर्षांपूर्वी मीच विकली. त्यानं विकत घेतली दुसऱ्याकडून, दुसऱ्यानं तिसऱ्याकडून, त्यामुळे कायद्यानं म्हैस बांधायचा त्याला पूर्ण अधिकार. पण कायदा वेगळा आणि पोटात तुटणं वेगळं, काय?

तुम्हाला सांगतो, मी सगुण, पेडण्याचा, आणि धंद्यानं पायलट. घाबरू नका, विमानाचा नव्हे. आता मोप्याला विमानतळ झालाय, उठल्याबसल्या डोक्यावरनं विमानं जातात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या गोव्यात मोटारसायकलवर पाठीमागे एक गिऱ्हाईक बसवून नेणारा, तो पायलट. पुढचं मडगार्ड पिवळं, ही त्याची खूण. पिवळं मडगार्ड दिसलं की लोक हात दाखवणार, आणि हात दिसला की पायलटनं थांबायचं. पाऊस असो, जेवणाची वेळ असो, थांबायचं! सतरा वर्षं पेडण्याच्या बाजारात स्टँडवर उभा होतो मी. बाळंतिणी नेल्या, मास्तर नेले, एकदा चवथीचा गणपती नेला, एकदा बोकड नेला, त्यानं पार्सेपर्यंत माझ्या शर्टाची कॉलर खाऊन संपवली... ते जाऊ दे. सांगत काय होतो? हां. तेरेखोल!

तेरेखोल ठाऊक आहे ना? पेडण्याहून केरीला जायचं, तिथं नदीवर फेरीबोट, पलीकडे उतरलं की वर किल्ला. अर्धा-पाऊण तास. लांब नाही हो! लग्न झालं आणि सत्यवतीला, म्हणजे माझ्या बायकोला, डिचोलीहून ह्याच येझदीवर बसवून घरी आणलं. तिच्या माहेरी काय, दिवसभर दारावरून खनिजाचे ट्रक. अंगणात लाल धूळ, जनेलाच्या गजांवर लाल धूळ, पांढरा सदरा वाळत घातला तर काढताना तांबडा. तर ती नवी नवरी पाठीमागून हळूच मला म्हणाली, लग्नानंतरचं पहिलं वाक्य हं, "तेरेखोलचो किल्लो दर्याच्या तोंडार आसा मरे? माका दाखयतले?" मी छाती फुगवून म्हटलं, "आयतारी जाऊ!"

आयतार, म्हणजे रविवार, आला. ती हिरवं पातळ नेसून, केसांत आबोली माळून दारात. मी किक मारली. आणि पायवाटेच्या तोंडाशी एक माणूस हात दाखवतोय! का, तर म्हाताऱ्या आईला म्हापशाला हॉस्पिटलात न्यायचंय. आता नाही कसं म्हणणार? मी सत्यवतीला म्हटलं, "पुढच्या आयतारी जाऊ गे. तेरेखोल कुठं पळून जातंय?"

ती हसली. पातळ बदललं, कळशी घेतली आणि विहिरीवर गेली.

पुढच्या आयतारी कुणाची बस चुकली. त्याच्या पुढच्या आयतारी कुणाचं बारसं. मग चवथ आली, मग शिगमो आला, मग आमची तनया झाली, मग तनयाला दात आले... एकदा तर हरमलपर्यंत पोचलो होतो हो! शपथ! समुद्र दिसत होता! तिथं एक परदेशी माणूस रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा, पासपोर्ट कळंगुटच्या हॉटेलात विसरलेला आणि विमान संध्याकाळचं. सत्यवतीला उतरवलं, पेडण्याच्या बशीत बसवलं, तिकिटाला सुटे दिले आणि खिडकीखाली उभा राहून म्हटलं, "तेरेखोल कुठं पळून जातंय?" बस सुटली. तिनं खिडकीतनं हात हलवला. तोंडावर राग? नाही. तेच तर!

मग दिवस फिरले. घरोघरी स्कूटरी आल्या. स्टँडवर आम्ही सात पायलट एकमेकांची तोंडं बघत बसलेले, आणि माझे गुडघे बोलायला लागले. विकली येझदी! हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखायला बसलो. आणि पहिल्याच दिवशी काय झालं, सांगू? येझदीचा आवाज ठाऊक आहे ना तुम्हाला? दोन सायलेन्सर, फट-फट-फट-फट, उताराच्या वळणावर असतानाच घरी ऐकू जायचा, आणि सत्यवती चुलीवर चहा ठेवायची. मी पोचायला आणि चहा उकळायला एकच गाठ. पहिल्या दिवशी बसनं आलो, स्टॉपवरनं चालत, आवाज न करता. दारात उभा राहिलो तर ती दचकली. म्हणाली, "अगो बाये! इल्यात कधी?" त्या दिवसापासून घरी गेल्या गेल्या चहा मिळाला नाही मला. मागून मिळायचा. मागून मिळालेला चहा आणि वाट बघत असलेला चहा, फरक आहे की नाही?

आणि मग हे गेल्या पावसाळ्यातलं. तनया घरी आली होती, मोबाईलवर आईला फोटो दाखवत होती. एक फोटो आला. निळं पाणी, वर किल्ला. सत्यवतीनं विचारलं, "ह्यां खंयचां गो?" तनया म्हणाली, "आई, तेरेखोल! आपल्या पेडण्यातलंच!" सत्यवतीनं चष्मा वर केला, फोटो बघितला, म्हणाली, "असां आसा काय," आणि उठून आत भाजी चिरायला गेली.

बस्स. एवढंच! टोमणा नाही, उसासा नाही! अहो, टोमणा मारला असता तर मी उलट बोललो असतो, भांडलो असतो, मोकळा झालो असतो! चौतीस वर्षं, तुम्हाला सांगतो, आणि ती भाजी चिरतेय! तनया म्हणाली, "चला, मी गाडीतून नेते, एसी लावून." तर आतून आवाज, "गाडयेतसून नाका. मोटारसायकलीन जावचा ठरला होता."

ठरलं होतं! तिच्या लेखी ते अजून ठरलेलंच होतं. त्या रात्री जेवलो की नाही आठवत नाही.

म्हणून तो बाबली, म्हणून ती म्हैस! अर्ध्या तालुक्याला विचारत विचारत माग काढला येझदीचा. बाबलीला म्हटलं, दे मला परत. तर म्हणतो, "गाडी व्हर रे. पूण म्हशीक खंय बांदूं? पयलीं खांबो घाल!" बासष्टाव्या वर्षी, बघा, मी दुसऱ्याच्या गोठ्यात पहार घेऊन खड्डा खणतोय आणि ती म्हैस, तारा तिचं नाव, माझ्याकडे बघतेय, मी जणू तिचं घर मोडायला आलोय. खांब पुरला, येझदी टेंपोत चढवली. चौथ्या दिवशी बाबलीचा फोन, "सगुण, तारा दूद दिना!" मी म्हटलं, मी काय करू? म्हणतो, "तिका गाडयेची याद येता. कितें तरी वस्त हाडून दी." आता हसायचं की रडायचं? शेवटी येझदीचा फुटका आरसा नेऊन खांबाला बांधला, तेव्हा बाईसाहेब चारा खायला लागल्या. म्हशीला कळलं हो! सवयीची वस्तू गेली तर कसं होतं ते म्हशीला चार दिवसांत कळलं, आणि मी अठरा वर्षं खिळे जोखतोय!

तर येझदी गेली कृष्णनाथ मेस्ताकडे, डिचोलीतच. हा कृष्णनाथ म्हणजे पूर्वी खनिजाच्या ट्रकांचा मेस्त, मेकॅनिक हो. एका वेळी दहा-दहा ट्रक उभे असायचे त्याच्या दारात. मायनिंग बंद पडलं आणि त्या दारात गवत उगवलं. तेव्हापासून त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊक नाही. पहिल्या दिवशी त्यानं काय केलं? काही नाही! स्टूल घेतलं आणि येझदीसमोर बसला. मी म्हटलं, "मेस्ता, खोलतोस ना?" तर म्हणाला, "राव. वळख जावंदी."

थांब म्हणे, आधी ओळख होऊ दे! अहो, मुलगी बघायला आलाय काय हा?

किक मारून बघितली तर पिस्टन जाम, अक्षरशः चिकटून बसलेला. प्लगच्या भोकातून आत डिझेल ओतलं आणि म्हणाला, "आठ दीस भिजत घाल." वालाचे दाणेसुद्धा एका रात्रीत भिजतात! आठ दिवसांनी गेलो, तर म्हणे आणखी आठ. मग पिस्टन सुटला, तर रिंगा गेलेल्या. रिंगा मिळाल्या, तर कार्बोरेटर. कार्बोरेटर साफ झाला, तर चवथ. मेस्त भजनाला! चवथ झाली, दसरा. दसरा झाला, कुणाच्या तरी गावची जत्रा, आणि जत्रेत नाटक, आणि नाटकात मेस्ताला राजाचं काम! मी गेलो त्याच्या दारात तर हा आरशासमोर तलवार घेऊन, "कोण आहे रे तिकडे?" मी म्हटलं, मी आहे, सगुण, येझदीवाला! तर म्हणतो, "प्रधानजी, त्यास उद्या यावयास सांगा."

आणि सत्यवती घरी? एकदाही विचारलं नाही, कधी होणार म्हणून. फक्त एक दिवस बघतो तर हिरवं पातळ बाहेर काढून उन्हात घातलेलं. तेच, नव्या नवरीचं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ओठांवर आलं होतं म्हणायला, "तेरेखोल कुठं पळून जातंय?" पण नाही म्हटलं. काय माहीत, ह्या वयात कोण आधी पळेल!

एक गोष्ट मात्र मेस्ताची सांगतो. दोन्ही सायलेन्सर काढून त्यानं उलटे ठोकले. काजळी पडली, पिसं पडली आणि मागून पडली लाल धूळ. पसाभर. खनिजाची. मी झाडू घेतला. तर म्हणाला, "झाडूं नाका." कागदावर गोळा केली, पुडी बांधली, फळीवर ठेवली. म्हटलं, कशाला रे? तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसला. तेव्हापासून मी त्याला घाई केली नाही हो. माझं तेरेखोल तसं त्याचं ते.

मग एके दिवशी, फेब्रुवारीत, मेस्तानं स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि मला म्हणाला, "मार किक." मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीला दांडी अशी उसळली की माझी नडगी... आई गं! चौथीला... फट. फट-फट. फट-फट-फट-फट! निळा धूर, सगळा वाडा धुरानं भरला, कोंबड्या पळाल्या, शेजारीण खोकत बाहेर आली, आणि मी, तुम्हाला सांगतो, मी रडलो. धूर डोळ्यांत गेला म्हणालो. मेस्त म्हणाला, "उलयली!" बोलली म्हणे! म्हटलं, बोल बाई, सहा महिने ताटकळवलंस, बोल!

रंग बाकी होता. मेस्तानं विचारलं, "मडगार्ड कसलें? काळें?" आणि मी, शहाणा, एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पिवळं!" अहो, धंदा बंद, परवाना परत केलेला, मडगार्ड पिवळं कशाला रे बाबा? पण ती पिवळ्याचीच होती. काळ्या मडगार्डाची येझदी म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी!

घरी आणली तिला. उतारावर वळण घेतलं, फट-फट-फट. दारात उभी केली, पाय टेकला. फोन केला नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं. आत गेलो तर चुलीवर चहा. उकळलेला. सत्यवती माझ्याकडे पाठ करून कप पुशीत होती, आणि बराच वेळ पुशीत होती.  साखर विसरली होती ती. दोन कप प्यालो तसाच.

आणि आला आयतार! कदेल, म्हणजे खुर्ची, आणून येझदीच्या बाजूला ठेवली, कदेलवर चढून सत्यवती बसली मागे. हिरवं पातळ, आबोली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "सवकास हां." निघालो! आणि काय सांगू तुम्हाला, त्या पिवळ्या मडगार्डाची करणी! बाजारात एक हात. पार्सेला दोन हात. अरे, बायको बसलीय मागे, दिसत नाही काय! तरी हात! हात दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर, सतरा वर्षांची खोड, आणि प्रत्येक वेळी खांद्यावर बोटं जरा घट्ट व्हायची. थांबलो नाही! कुणासाठी थांबलो नाही! हरमल मागे टाकलं. केरीच्या धक्क्यावर पोचलो. पलीकडे तेरेखोल, समोर दिसतंय, फेरीबोट ह्याच काठाला लागलेली, फळी खाली, माणसं चढताहेत, मी पुढचं चाक फळीवर घालणार एवढ्यात...

"सगुणाऽऽ! देव पावलो रेऽऽ!"

महादेव भट! केरीचा भटजी. हातात पिशवी, काखेत पाट, धोतराचा सोगा तोंडात धरून धावत येतोय. स्कूटर बंद पडलेली. मांद्र्याला लग्न, मुहूर्त बारा-दहाचा, आणि वाजले पावणेबारा! "नवरी बोहल्याकडे उभी आसा रे! दुसरो भट ना!" आता सांगा! सांगा ना, काय करायचं? हात दाखवणारा माणूस असता तर नाही म्हटलं असतं. ह्यानं हात जोडले!

मी सत्यवतीकडे वळून बघितलं. ते वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं. तर तीच उतरली खाली. मी तोंड उघडायच्या आधी. पदर सारखा केला आणि म्हणाली, "कोणाच्या तरी चेडवाच्या लग्नाचो मुहूर्त मरे. जावन येवा. मी हय बसतंय." आणि गेली, झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली, मांडीवर पिशवी ठेवून. किती सवयीनं बसली, तुम्हाला सांगतो! मला ती सवय लागली काळजात.

भटजी मागे बसला आणि पहिल्या वळणापासून त्यानं सुरू केलं, आधी गणपती, मग नवग्रह, आणि येझदी ऐंशीच्या वर गेली तशी सगळी कुलदैवतं, दुसऱ्यांचीसुद्धा! बारा वाजून चार मिनिटांनी मांडवाच्या दारात! नवरीच्या बापानं मला मिठी मारली. म्हटलं, सोडा, माझी बायको तिकडे... "छे छे! जेवल्याबगर?" म्हटलं, नको हो. येझदीला किक मारली. बंद! तापली की ती रुसते, जुनी सवय. मारतोय किक, मारतोय किक... शेवटी नवऱ्याचे मित्र आले धक्का मारायला, बँडवाले मागून वाजवताहेत, व्हिडिओवाला शूटिंग घेतोय, आणि जेव्हा ती सुरू झाली तेव्हा असा धूर सोडला तिनं, की त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत मधली दहा मिनिटं नवराबायको दिसतच नाहीत म्हणे!

परत केरीला आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. बाकावर सत्यवती नाही.

बाक रिकामा. सावलीसुद्धा सरकलेली. गाडेवाल्याला विचारलं, हिरव्या पातळातली बाई? म्हणाला, "ती? सावंतवाडीकडच्या बायकांची बस इल्ली, त्यांच्यासोबत बोटीत चढली."

बसलो मी त्या बाकावर. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी वाट बघितली. खरंच हो! चौतीस वर्षं वाट बघायचं काम तिचं, मी आपला येणारा. एक बोट आली, उठून उभा राहिलो, ती नाही. परत बसलो. दुसरी आली, ती नाही. एवढा वेळ जातो? एवढा हळू? एक जोडपं आलं, पिवळं मडगार्ड बघून हात दाखवला, हरमलला सोडणार का? मी म्हटलं, नाही. सतरा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, अगदी सहज तोंडातून गेलं. नाही, म्हटलं, माझं माणूस यायचंय.

तिसऱ्या बोटीला आली. सगळ्यांत पुढे, कठडा धरून उभी, चार बायका आजूबाजूला, शेंगदाणे खाताहेत आणि हसताहेत. वाऱ्यानं केस सुटलेले. अशी हसताना मी तिला कधी बघितली होती, आठवायला लागलो, तर... जाऊ दे.

उतरली. मला म्हणाली, "इल्यात? जेवल्यात मरे?" मी म्हटलं, "तू... बघितलंस?" म्हणाली, "होय! बरां आसा हां तेरेखोल. किल्लो ल्हानसोच, आत हॉटेल केल्यानी हा. पण वारो? आणि तो दर्या!" म्हटलं, "चल ना, परत जाऊ. दोघं. बोट उभी आहे." तर म्हणाली, "आता परत? पाय दुकले माजे. तुमी एकदा बघून येवा, बघण्यासारख्या आसा."

वाटेत पाठीमागून सगळं सांगत होती. पाणी कसं, पायऱ्या किती, कोण बाई कशी घसरली. फट-फटमध्ये निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी गाडी हळू केली, आणखी हळू केली, इतकी हळू केली की बंद पडली. माळावर, उन्हात. चांगलं झालं म्हटलं, शांत झालं सगळं. वळून विचारलं, अगदी नव्या नवऱ्यासारखं, धीर करून, "सत्यवती, येत्या आयतारी जाऊया? आपण दोघं? कुणी हात दाखवू दे, देव जरी उभा राहिला तरी थांबणार नाही, शपथ!"

तिनं जरा विचार केला. खरंच केला हं. मग माझ्या खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "आयतारी माका जमाचा ना हो. त्या बायकांनी रेडीच्या गणपतीक बोलावल्यानी हा. त्यांची बस येतली."